दाराला अडकवलेली पिशवी

१३ डिसेंबर

आज कुकीजची बैठक आमच्या घरी झाली. बैठक म्हणजे कॉफी, आणि कॉफी म्हणजे ज्या आल्या नाहीत त्यांची उणीदुणी. तरी काम झालं. दरवर्षीसारखंच, नाताळच्या आदल्या दिवशी बराकीतल्या प्रत्येक दाराला आम्ही भाजलेल्या कुकीजची पिशवी अडकवायची. कोरियातल्या या अमेरिकन लष्करी तळावर ज्यांना बायकोपोरं आणायची परवानगी मिळते ते आमच्यासारखे घरात राहतात. बाकीचे आख्खं वर्ष त्या बराकीत, एकेका खोलीत एकटे. नाताळला आपली कोणीतरी आठवण काढली असं त्यांना वाटावं, हे आम्हा स्वयंसेवक बायकांचं व्रत.

लुअॅन म्हणून नवीन आली आहे, एका कॅप्टनची बायको. फार गोड बोलते. म्हणाली, "नुसती अडकवायची कशाला? दार वाजवून हातात देऊ या की. दोन शब्द बोलणं होईल."

मी म्हटलं, "बाई गं, गेल्या वर्षी वाजवून पाहिलं. अर्धे रात्रपाळी करून झोपलेले असतात, ते चिडतात. आणि एकाने नुसत्या चड्डीवर दार उघडलं. माझ्याबरोबर पाद्रीबाबांची बायको होती."

सगळ्या पोट धरून हसल्या आणि नियम पक्का झाला. दार वाजवायचं नाही, पिशवी अडकवायची आणि पुढे चालायचं. कर्ट म्हणतो की मी सैन्यात असते तर एव्हाना जनरल झाले असते. तो स्वतः कंपनीचा फर्स्ट सार्जंट आहे. पोरं त्याला 'टॉप' म्हणतात आणि बापासारखं घाबरतात. मग माझं नातं काय लागतं, ते मी धरूनच चालते.

१८ डिसेंबर

दिवसभर ओव्हनसमोर. पाठ मोडून आली आहे. मदतीला बऱ्याच बायका आल्या आणि जेवणवेळेला पांगल्या. शेवटपर्यंत राहिली ती एकच, आणि ती आमच्यातली नव्हे. सार्जंट डेल्फीन कॉर्मिएर, कर्टच्या कंपनीत ट्रकची इंजिनं दुरुस्त करते. लुइझियानाची. नखांत काळं तेल कायमचं मुरलेलं, म्हणून मी तिला आधी साबणाने हात घासायला लावले. मग कळलं की तिच्या हातची साखरेची नक्षी माझ्यापेक्षा चांगली येते.

एका ताऱ्यावर तिने 'जोसी' असं नाव काढलं. मुलगी आहे, सहा वर्षांची. घटस्फोटानंतर आजीकडे असते, म्हणजे नवऱ्याच्या आईकडे. कॉर्मिएर बावीसला रजेवर घरी चालली आहे.

"पोरगी नाचत असेल," मी म्हटलं.

"बघू. आजी म्हणते, तू येऊन गेलीस की ती बिघडते."

"आज्या म्हणतातच तसं."

तिने तो तारा अलगद बाजूला ठेवला. मग म्हणाली, "आमच्याकडे नाताळला गंबो असतो. कोळंबीचा दाट रस्सा. एकदा तुमच्या स्वयंपाकघरात करून घालू का? बराकीत शेगडीला बंदी आहे."

"हो हो, कधीतरी कर की." मी पिशव्यांना फिती बांधत होते.

भांडी घासून झाली, ओटा पुसून झाला, तरी ती बसून होती. कर्टचे शर्ट इस्त्री करायचे राहिले होते. शेवटी मी दोनदा घड्याळाकडे पाहिलं तेव्हा उठली. मुलगी चांगली आहे, पण उठायचं कधी ते हिला कळत नाही.

२१ डिसेंबर

कॉर्मिएर परत आली होती, त्या दिवशी कुकीज घालून दिलेला डबा द्यायला. रिकामा डबा परत द्यायला या थंडीत कोणी बराकीपासून इथवर चालत येतं का? नुकतीच फरशी पुसली होती आणि तिचे बूट बर्फाने माखलेले, म्हणून दारातच बोललो.

मी म्हटलं, "तू घरी चाललीस, नाहीतर पंचवीसला तुलाच जेवायला बोलावलं असतं."

"नाहीतर नक्की आले असते, मॅडम."

मग "नाताळच्या शुभेच्छा" झालं आणि ती गेली. आत घ्यायला हवं होतं का? घेतलं असतं तर तासभर हलली नसती. आणि परत फरशी.

२४ डिसेंबर

झालं एकदाचं. अंगात त्राण नाही, पण मन भरलं आहे.

लुअॅन आणि मी दुसऱ्या मजल्यावर होतो. रजेवर गेलेल्यांची दारं सोडायची होती. कॉर्मिएरच्या दाराशी आलो तर दाराखालून उजेड दिसला. लुअॅन कुजबुजली, "आत कोणीतरी आहे. वाजवू का?"

मी म्हटलं, "नाही. नियम म्हणजे नियम. आणि ती रजेवर आहे. दिवा तसाच ठेवून गेलेली दिसते. वीज सरकारची ना, यांच्या बापाचं काय जातं."

लुअॅन तरी तिथेच घुटमळत होती. "मार्लिस, एकदा वाजवलं तर काय बिघडतं?"

"आज एक वाजवलं की पुढची सगळी वाजवशील. चल."

पण मलाच वाटलं, या मुलीने दिवसभर राबून कुकीज केल्या, तिच्या दाराला एक असू दे. आल्यावर खाईल. म्हणून एक पिशवी तिच्या कडीला अडकवली. लुअॅनला म्हटलं, "बघ, मी काही अगदीच राक्षसीण नाही." ती हसली, पण पुढच्या सगळ्या मजल्यावर माझ्या दोन पावलं मागेच चालत राहिली. नवीन बायकांना वाटतं की काम भावनेवर चालतं. भावनेवर चाललं असतं तर निम्मी दारं राहिली असती.

संध्याकाळी चर्चमध्ये मेणबत्त्या, गाणी. पाद्रीबाबांनी स्वयंसेवकांना उभं राहायला सांगितलं. मला आवडतं ते, खोटं कशाला बोला.

२५ डिसेंबर

जेवायला बराकीतले पाचसहा जण होते. टर्की जरा कोरडी झाली, कोणी बोललं नाही. कर्टने प्रार्थना म्हटली, घरापासून दूर असलेल्या सगळ्यांसाठी. एक खुर्ची जास्तीची मांडली गेली होती. मोजताना चुकले असेन. कर्ट म्हणाला, असू दे, कोणी आलंच तर.

कोणी आलं नाही. जेवणानंतर पोरांनी घरी फोन लावले आणि मी स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा नळ मोठा सोडला, त्यांना मोकळेपणाने बोलता यावं म्हणून.

२६ डिसेंबर

बराकीत गेले होते, खालच्या बैठकीच्या खोलीत चोवीसला ठेवलेली आमची ताटं आणायला. सहज वर चक्कर मारली. सगळ्या कड्यांवर नुसत्या लाल फिती उरल्या होत्या, पिशव्या केव्हाच आत गेलेल्या. बरं वाटलं.

कॉर्मिएरच्या दारावर मात्र पिशवी तशीच. आणि आज दाराखाली उजेड नव्हता. बल्ब गेला असेल. इतके दिवस जळत ठेवल्यावर जाणारच.

ती यायला अजून आठवडा आहे. तोवर कुकीज दगड होतील. मला अन्न वाया गेलेलं बघवत नाही. आमच्या मिनेसोटाच्या घरात बटाट्याची सालंसुद्धा टाकत नसत. मी मोठ्यानेच म्हटलं, "अगं बाई, वाया जाईल हे सगळं," आणि पिशवी काढून घेतली. एकटीने बोलायची सवय लागली आहे मला. कर्ट चिडवतो.

पिशवी तळाच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यांना दिली. बिचारे थंडीत उभे होते. त्यांनी इतके आभार मानले की मला संकोच वाटला.

२८ डिसेंबर

काय लिहू ते सुचत नाही.

थंडीने बराकीतले नळ फुटू नयेत म्हणून कर्ट आज सगळ्या खोल्या किल्ली लावून बघत होता, रजेवर गेलेल्यांच्यासुद्धा. कॉर्मिएर खोलीत होती. दारापाशी जमिनीवर, पांघरूण ओढून पडलेली. शुद्धीवर होती, पण नुसती डोळे उघडे ठेवून. किती दिवस काही खाल्लं नव्हतं कोण जाणे. शेवटी शेवटी पाणीसुद्धा नाही. रुग्णवाहिका आली, इथल्या इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणतात वाचेल, पण अजून एक दिवस गेला असता तर सांगता येत नव्हतं.

कर्ट घरी आला तो कोट न काढताच बसून राहिला. मी विचारलं, "ती घरी गेली नव्हती?"

"रजेच्या कागदावर गेली होती," तो म्हणाला. "मी कागद बघितला, माणूस बघितलं नाही."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आणि तेवढ्यात मला तो उजेड आठवला.

२९ डिसेंबर

झोप नाही. सकाळपासून मी स्वतःला सांगते आहे की तिला रजेवर समजणं ही माझी चूक नव्हे, सगळ्यांनी तेच समजलं. हे खरं आहे. खरं असूनही कामाला येत नाही.

दुपारी कर्ट जेवता जेवता म्हणाला, "एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मजल्यावर रोज फेरी मारणारा सार्जंट आहे ना, त्याला पंचवीसला तिच्या दारावर तुमची पिशवी दिसली. सव्वीसला सकाळीही दिसली. त्याला वाटलं, रजेवरच्या खोलीला पिशवी कशी, उद्या किल्ली आणून बघू. सत्तावीसला किल्ली घेऊन गेला तर पिशवी नाही. म्हणजे ती परत आली असेल, पिशवी आत घेतली असेल, खात बसली असेल. असं समजून गडी किल्ली न लावताच खाली आला."

मी चमचा ताटात ठेवला.

"एक दिवस आधी सापडली असती," कर्ट म्हणाला. "कोणी नेली असेल गं ती पिशवी?"

मी म्हटलं, "पोरांनी पळवली असेल. अधाशी असतात मेली."

हे मी म्हटलं. त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं, आणि वर त्याला विचारलं की अजून भात वाढू का. तो फेरी मारणारा सार्जंट सकाळी कर्टसमोर रडला म्हणे. त्याला शिक्षा होईल. निदान कागदावर ठपका तरी बसेलच. मी ताटं उचलली.

३१ डिसेंबर

इस्पितळात जाऊन आले. दोनदा गाडीत बसून उतरले होते. शेवटी चिकनचं सूप घेतलं आणि गेले. हातात काही असलं की मला जाता येतं.

कॉर्मिएर उशीला टेकून बसली होती. हाताला नळी. चेहरा एवढासा झालेला. "मॅडम, बसा ना," म्हणाली, जणू तिच्याच घरी आले होते मी. मी उगाच बडबडत सुटले. थंडी, नळ, लुअॅनच्या पडद्यांचा रंग. तिने ऐकून घेतलं. मग आपणहून सांगायला लागली.

"विमानतळापर्यंत गेले होते. सामान द्यायच्या रांगेत उभी होते. आजीचा फोन आला. म्हणाली, पोर आत्ता कुठे रडल्याशिवाय झोपायला लागलीय. तू चार दिवस येशील, लाड करशील आणि जाशील, निस्तरायचं आम्ही. या वेळी नको येऊस. काही टाकून बोलली नाही हो. समजावून बोलली. तेच जास्त लागलं."

"मग?"

"मग परत आले. सगळ्यांचे निरोप घेऊन निघालेली, आता तोंड काय दाखवायचं? मागच्या जिन्याने वर गेले. म्हटलं, एक झोप काढू. नंतर उठावंसंच वाटेना."

"अगं, माझ्याकडे यायचंस."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. पण मी नजर सूपाकडे वळवली.

"चोवीसला तुम्ही दाराबाहेर होतात," ती म्हणाली. "कोणीतरी म्हणालं, वाजवू का. मी श्वास रोखून बसले. वाजवू नये असंच वाटत होतं, लाज वाटत होती. तुम्ही नको म्हणालात, सुटल्यासारखं झालं. त्याचं काही नाही."

मला वाटलं, आता हे इथेच संपावं. उठून सूप गरम करून आणावं.

"सव्वीसचं सांगते. तेव्हा अंगातलं सगळं गेलं होतं. दिवा बंद केला होता, डोळ्यांना सोसेना. आणि तुमचा आवाज आला. अगदी दाराशी. काय म्हणालात ते कळलं नाही, पण आवाज तुमचाच. मला वाटलं, तुम्ही बघायला आलात. इतकं बरं वाटलं, काय सांगू. पाय खाली सोडले. उभं राहता येईना, भिंतीला धरत धरत गेले. हाकसुद्धा मारली, पण घशातून आवाज फुटेना. दार उघडलं तर जिन्यावर तुमच्या बुटांचा आवाज जात होता." तिने हाताची नळी सारखी केली. "मग बघितलं, तर पिशवीपण नव्हती."

बाहेर कोणीतरी ढकलगाडी नेत होतं. गाडी पुढे गेल्यावर कॉर्मिएर म्हणाली, "दार ढकललं आणि तिथेच बसले. टॉपना मी तिथेच सापडले."

मी म्हटलं, "चुकले गं मी."

मला काय हवं होतं ते मला माहीत आहे. तिने म्हणावं, नाही हो मॅडम, तुम्हाला काय माहीत. कोणीही तेच म्हटलं असतं. मी सुद्धा म्हटलं असतं.

"हो," ती म्हणाली.

नंतर तिने माझ्या समाधानासाठी दोन चमचे सूप घेतलं. निघताना मी पांघरूण सारखं केलं तेव्हा म्हणाली, "टॉपना मी हे बोलले नाही. पिशवी कोणी नेली माहीत नाही असं सांगितलंय. ते आधीच स्वतःला खातायत. आणि तुमचा संसार आहे."

ती मला वाचवते आहे. त्या खाटेवरून, त्या हाताने.

४ जानेवारी

कॉर्मिएरला आज विमानाने अमेरिकेला नेलं, तिथल्या मोठ्या इस्पितळात. कर्ट सोडायला गेला होता. मला म्हणाला, चल. मी म्हटलं, डोकं दुखतंय. ते खरंच दुखत होतं, पण त्यासाठी नव्हे.

परत येऊन तो म्हणाला, इस्पितळातल्या लोकांनी जोसीच्या आजीला फोन केला होता आणि ती पोरीला घेऊन भेटायला येणार आहे. हे ऐकून मी रडले. त्याला वाटलं, मी किती मायाळू. मला जवळ घेऊन म्हणाला, "तू या पोरांसाठी किती जीव टाकतेस." मी त्याच्या खांद्यावर तोंड ठेवलं. तेव्हा सांगता आलं असतं. तोंड उघडलंसुद्धा होतं.

९ जानेवारी

स्वयंसेवकांच्या सत्काराचा कार्यक्रम होता. मी जाणार नव्हते, पण कर्टने माझा निळा कोट स्वतः झटकून हातात दिला, म्हणाला या वेळी तरी नाही म्हणू नकोस. तिथे गेल्यावर कळलं की वर्षातली उत्तम स्वयंसेविका म्हणून माझं नाव आहे.

कर्नल छान बोलले. म्हणाले, "घरापासून हजारो मैलांवर आमच्या सैनिकांना मिसेस हॅगननी घर दिलं. नाताळात बराकीतलं एकही दार त्यांनी सुटू दिलं नाही."

टाळ्या पडल्या. लुअॅन दुसऱ्या रांगेत होती. ती मांडीवरच्या पर्सकडे बघत होती. तो फेरी मारणारा सार्जंट मागे भिंतीशी उभा होता. त्याला ठपक्याचं पत्र मिळालं आहे, असं कर्ट परवा म्हणाला. तोसुद्धा टाळ्या वाजवत होता. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी माईकसमोर उभी राहिले, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने तोंडातून आलं, "यात माझं काही नाही, सगळ्यांनी मिळून केलं." लोकांना ते फार आवडलं.

सगळ्यात जोरात टाळ्या कर्ट वाजवत होता. पहिल्या रांगेत उठून उभा राहिला होता माझ्यासाठी, डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

त्याला मी अजून सांगितलेलं नाही.